जेनोआ : जमा आणि नावे, दोन्ही जपणारे बंदर

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, डोंगर जिथे थेट समुद्रात उतरतात, तिथल्या अरुंद पट्टीवर जेनोआ हे शहर वसले आहे. शेतीला सपाट जमीन नाही, मोठी नदी नाही, मागे पर्वताचा कडा आणि पुढे भूमध्य समुद्राचे खोल पाणी. अशा गावाला जगायचे तर समुद्राकडे तोंड करण्यावाचून गत्यंतर नव्हते. व्हेनिसची कीर्ती आपल्याकडे प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांमुळे घरोघरी पोहोचली. तिच्याशी शतकानुशतके स्पर्धा करणाऱ्या जेनोआचे नाव मात्र बहुतेकांना कोलंबसाचे जन्मगाव यापलीकडे ठाऊक नसते. वास्तविक आज आपण ज्याला हिशेब, विमा, कर्जरोखा म्हणतो, त्यातील कितीतरी गोष्टींचे जुने कागद याच शहराच्या दप्तरात सापडतात.

बँकेच्या नोकरीत हयात गेलेल्या माणसाला शहराकडेही खतावणीच्या नजरेने पाहण्याची सवय लागते. वारसा म्हटला की आपण फक्त जमेची बाजू वाचतो : राजवाडे, देवळे, थोर पुरुष, चविष्ट पदार्थ. परंतु प्रत्येक जमेसमोर कुठेतरी नावेची नोंद असते, आणि प्रत्येक मालमत्तेवर दरवर्षी घसारा आकारावा लागतो. हे दोन नियम जेनोआने जगाला फार लवकर दाखवले, आणि ते विसरल्यास काय होते तेही याच शहराने अलीकडे अनुभवले. म्हणून या बंदराचा वारसा थर उलगडत पाहणे बोधप्रद ठरेल.

लेखणीचे बंदर

बंदर म्हटले की डोळ्यांसमोर जहाजे येतात. जेनोआत जहाजाइतकेच महत्त्व लेखनिकाला होते. जोव्हान्नी स्क्रिबा या नोटरीने ११५४ ते ११६४ या दहा वर्षांत लिहिलेली करारांची वही आजही शाबूत आहे. उपलब्ध असलेल्या नोटरी-वह्यांत ती सर्वांत जुनी मानली जाते. त्या काळात ‘कोमेंदा’ नावाची भागीदारी रूढ होती. घरी बसणारा भांडवल द्यायचा आणि फिरतीवर जाणारा श्रम द्यायचा. सफर आटोपली की नफ्याचे चार वाटे होत. तीन भांडवलदाराला आणि एक फिरत्या व्यापाऱ्याला मिळे. ज्या तरुणाजवळ पैसा नव्हता पण हिंमत होती, त्याला अशा पाच-सहा सफरींनंतर स्वतः भांडवलदार होता येत असे.

२३ ऑक्टोबर १३४७ रोजी याच शहरात एक विमाकरार लिहिला गेला. ‘सांता क्लारा’ नावाचे जहाज जेनोआहून मायोर्का बेटाकडे निघणार होते. उपलब्ध असलेल्या जगातील सर्वांत जुन्या विमापत्रांत त्याची गणना होते. गंमत अशी की करारात विमा हा शब्दच नाही. तो बिनव्याजी कर्जाच्या रूपात लिहिलेला आहे. जहाज सुखरूप पोहोचले तर ‘कर्ज’ रद्द. न पोहोचले तर विमा उतरवणाऱ्याने रक्कम भरायची. चर्चने व्याजाला निषिद्ध ठरवलेल्या त्या काळात व्यवहाराला असे वळसे घ्यावे लागत.

तथापि हिशेबनिसाला हात जोडावेसे वाटतील अशी वस्तू म्हणजे १३४० सालची शासकीय खतावणी. जेनोआच्या नगरशासनाचे खजिनदार, म्हणजे ‘मास्सारी’, यांनी ती ठेवली. पानाच्या एका बाजूला नावे आणि दुसऱ्या बाजूला जमा, प्रत्येक नोंदीची प्रतिनोंद, आणि शेवटी ताळा. द्विनोंदी पद्धतीचे हे सर्वांत जुन्या निःसंदिग्ध नमुन्यांपैकी एक मानले जाते. त्या पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोलीच्या ग्रंथात १४९४ साली आले. म्हणजे पुस्तकाच्या दीडशे वर्षे आधी जेनोआच्या कचेरीत प्रत्यक्ष काम सुरू होते. या खतावणीत मिरीचे एक खाते आहे. शासनाने मिरी उधारीवर घेतली आणि ती तोट्यात विकली. निकडीच्या खर्चासाठी रोख रक्कम उभी करण्याचा हा मार्ग होता, असा अर्थ अभ्यासक लावतात. तो तोटा लपवलेला नाही. तो रीतसर लिहून ठेवलेला आहे. भारतीय वाचकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी : युरोपात विकल्या जाणाऱ्या त्या काळच्या मिरीचे मुख्य उगमस्थान आपला मलबार किनारा होता.

सेंट जॉर्जच्या वाड्यात

बंदराच्या काठावर ‘पालाझ्झो सान जोर्जो’ नावाची भव्य वास्तू उभी आहे. ती १२६० साली बांधण्यास घेतली. बिझंटाइन सम्राटाशी झालेल्या तहानंतर कॉन्स्टँटिनोपलमधील व्हेनिसवाल्यांचे ठाणे जेनोआच्या हाती आले, तेव्हा तिथले दगड जहाजात घालून आणले गेले आणि त्यातील काही या वास्तूत बसवले गेले. प्रतिस्पर्ध्याच्या भिंतीचा दगड आपल्या भिंतीत बसवणे ही त्या काळची विजयाची रीत होती.

पुढे १२९८ साली कुर्झोलाच्या आरमारी लढाईत व्हेनिसचा पराभव झाला. त्या युद्धकाळात जेनोआच्या हाती सापडलेल्या व्हेनिसच्या कैद्यांत मार्को पोलो हा एक होता. परंपरा सांगते की त्याला याच वाड्यात कोंडले होते. पिसाचा रुस्तिकेल्लो हा लेखकही तेव्हा जेनोआत कैदेत होता. एकाने सांगितले, दुसऱ्याने लिहिले, आणि मार्को पोलोचे प्रवासवर्णन जन्मास आले. त्यात ‘ताना’ म्हणजे आपल्या ठाण्याच्या राज्याचेही वर्णन आहे. तिथून कातडे आणि सुती कापड बाहेर जाते, समुद्रावर चाच्यांचा उपद्रव आहे, आणि राजाचा त्यांच्याशी ठराव आहे की लुटीतले घोडे राजाला द्यायचे, असे तो सांगतो. ठाण्याच्या खाडीची हकीकत भूमध्य समुद्रकाठच्या एका तुरुंगात लिहिली गेली, हा योगायोग मराठी वाचकाला मनोरंजक वाटेल.

या वास्तूचे खरे नाव झाले ते १४०७ नंतर. युद्धांपायी नगरराज्य कर्जात बुडाले होते. तेव्हा धनकोंनी एकत्र येऊन ‘कासा दी सान जोर्जो’ ही संस्था स्थापन केली. राज्याचे कर वसूल करण्याचा अधिकार तिच्याकडे गेला आणि त्या बदल्यात धनकोंना उत्पन्न मिळू लागले. कर्जाचे शंभर लिराचे भाग पाडले गेले. त्यास ‘लुओगो’ म्हणत. हे भाग विकता येत, वारसाला देता येत. सरदार, व्यापारी, विधवा, अनाथ मुले, धर्मसंस्था असे नाना तऱ्हेचे लोक भागधारक होते. संस्थेचा पसारा इतका वाढला की कॉर्सिका बेटाचा कारभारही काही दशके तिच्या हाती होता. फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी मॅकियाव्हेली याने एकाच तटबंदीच्या आत गोंधळाचे राज्य आणि शिस्तीची पेढी कशी नांदते, याबद्दल आपल्या इतिहासग्रंथात आश्चर्य व्यक्त केले आहे. नेपोलियनच्या काळात, १८०५ साली, ही संस्था बंद झाली. जवळजवळ चार शतके चाललेल्या पेढीला यापेक्षा वेगळे प्रशस्तिपत्र नको.

या संस्थेच्याही आधीची एक हकीकत मला सर्वांत उद्बोधक वाटते. १३७१ साली फ्रांचेस्को व्हिवाल्दी नावाच्या नागरिकाने सार्वजनिक कर्जाचे आपल्या मालकीचे ९० भाग शहराला अर्पण केले. अट एवढीच की त्यांचे उत्पन्न खर्च करायचे नाही. त्यातून आणखी भाग विकत घ्यायचे, त्या भागांच्या उत्पन्नातून आणखी, आणि असे करत करत शहराचे कर्ज फेडायचे. चक्रवाढीची ताकद ओळखून ती परोपकाराला जुंपणारा हा माणूस होता. त्याच्या मागून अनेकांनी अशीच दाने दिली. अशा दात्यांचे संगमरवरी पुतळे पालाझ्झोच्या सभागृहात आजही आहेत. काही बसलेले आहेत, काही उभे. देणगीचा आकार जसा, तशी मूर्तीची ऐट. दानाची नोंद ठेवतानाही शहराने आपला व्यापारी स्वभाव सोडला नाही!

भारताच्या ओढीने

व्हिवाल्दी हे आडनाव भारताच्या संदर्भातही महत्त्वाचे आहे. १२९१ साली उगोलिनो आणि वादिनो व्हिवाल्दी हे दोघे भाऊ दोन गलबते घेऊन जेनोआहून निघाले. जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून महासागरमार्गे हिंदुस्थानात पोहोचायचे आणि माल आणायचा, असा त्यांचा बेत शहराच्या बखरीत नोंदवलेला आहे. ते परत आले नाहीत. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. म्हणजे या भावांच्या प्रस्थानानंतर दोनशे सात वर्षांनी. कोलंबसाचे नाव जगभर झाले, या दोघांची मात्र बखरीतील नोंदच उरली.

भारत जेनोआला पोहोचला तो कापडाच्या रूपाने. आपल्याकडील कलमकारी आणि छापील सुती पलंगपोस अठराव्या शतकात युरोपात फार लोकप्रिय होते. त्यांच्यावरील कल्पवृक्षासारखे मोठे झाड, फांद्यांवरचे पक्षी आणि फुले यांची धाटणी घेऊन जेनोआत ‘मेझ्झारो’ नावाचे मोठे छापील वस्त्र तयार होऊ लागले. तिथल्या स्त्रिया ते डोक्यावरून आणि खांद्यांवरून पांघरत. इटलीतील रस्त्यावरून हिंदुस्थानी झाडाची छाया डोक्यावर घेऊन स्त्रिया चालत असल्याचे हे दृश्य! मेझ्झारो हे नावही अरबी शब्दावरून आलेले आहे.

आज आपल्या घरातील मुले ज्या ‘जीन्स’ घालतात, त्या शब्दाचे मूळही जेनोआच्या फ्रेंच नावात, म्हणजे ‘जेन्’मध्ये, सांगितले जाते. येथील टिकाऊ सुती कापड दूरवर जात असे. नीळ वापरून रंगवलेली, सोळाव्या शतकातील मोठी धार्मिक कापडचित्रे येथील संग्रहालयात जपलेली आहेत. निळीचे युरोपीय नाव ‘इंडिगो’, आणि त्याचा मूळ अर्थ ‘हिंदुस्थानचे’.

हमाल आणि ‘कामाल्लो’

बंदरात माल वाहणाऱ्या कामगाराला जेनोआच्या बोलीत ‘कामाल्लो’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘हम्माल’वरून आला, आणि आपला ‘हमाल’ही तिथूनच. मुंबईच्या गोदीत किंवा बाजार समितीत जो शब्द आपण रोज ऐकतो, तोच थोड्या वेगळ्या उच्चाराने चार हजार मैलांवरील बंदरात ऐकू येतो. व्यापाराने माल नेला त्यासोबत शब्दही नेले, आणि ते माल संपल्यावरही टिकून राहिले. जुन्या गोदीला ‘दार्सेना’ म्हणतात; तेही मुळात अरबीच.

या कामाल्लोंनी आपली संघटना बांधली ती १३४० साली. ‘काराव्हाना’ या नावाची ही मंडळी आपल्या मिळकतीतील काही हिस्सा सामायिक पेटीत टाकत. कोणी आजारी पडले, जखमी झाले, तर त्यातून मदत मिळे. शासनाची द्विनोंदी खतावणी आणि हमालांची नियमावली दोन्ही एकाच वर्षातल्या, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. वर कचेरीत खजिनदार राज्याचा ताळा जुळवत होता आणि खाली धक्क्यावर पाठीवर पोते घेणारा माणूस आपल्या आजारपणाची तरतूद करत होता. शहराची पत या दोघांवर मिळून उभी होती.

चिठ्ठीने ठरणारा पाहुणचार

सोळाव्या शतकात जेनोआचे सावकार स्पेनच्या राजाला कर्जे देऊन गडगंज झाले. त्या पैशातून ‘स्त्रादा नुओव्हा’, म्हणजे नवा रस्ता, आखला गेला आणि त्याच्या दुतर्फा वाडे उभे राहिले. प्रजासत्ताकाकडे राजाचा महाल नव्हता. मग परराज्यातील राजे, कार्डिनल, वकील यांना उतरवायचे कुठे? १५७६ साली एक नामी तोड काढण्यात आली. शहरातील उत्तम वाड्यांच्या याद्या तयार झाल्या. त्यांना ‘रोल्ली’ म्हणत. वाड्यांची प्रतवारी ठरली. पाहुणा आला की त्याच्या दर्जाच्या यादीतून चिठ्ठी काढायची आणि ज्याचे नाव निघेल त्याने आतिथ्य करायचे. मान मोठा, पण खर्चही मोठा! चित्रकार रूबेन्स या वाड्यांवर इतका लुब्ध झाला की त्याने १६२२ साली त्यांच्या आराखड्यांचे पुस्तकच प्रसिद्ध केले. २००६ साली युनेस्कोने यातील ४२ वाड्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. आता ठरावीक दिवशी हे वाडे सर्वांसाठी उघडतात. त्यातील काहींत कचेऱ्या आहेत, काहींत बँका, काहींत लोक राहतात. वाडा वापरात असला की छताची गळती वेळेवर लक्षात येते, हा साधा व्यवहार त्यामागे आहे.

या भव्य रस्त्यापासून दोन पावलांवर ‘कारुज्जी’ नावाच्या बोळांचे जाळे सुरू होते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे, इतके ते अरुंद. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीत मेरीमातेची छोटी देवळी असते; पूर्वी तिच्यासमोरील दिव्याने बोळात उजेड पडत असे. श्रीमंतीचा आणि गरिबीचा एवढा निकटचा शेजार फार थोड्या शहरांत पाहावयास मिळतो.

चूल, सण आणि राखून ठेवलेला तुकडा

जेनोआचा ‘पेस्तो’ आता जगभर गेला आहे. बॅसिल नावाची, आपल्या तुळशीच्या कुळातील सुगंधी पाने, चिलगोज्यासारख्या बिया, लसूण, चीज, जाडे मीठ आणि ऑलिव्हचे तेल संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने वाटून तो करतात. आपल्या स्वयंपाकघराला अधिक जवळचा वाटावा असा पदार्थ मात्र ‘फारिनाता’. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, एवढेच चार जिन्नस. कांदा-लसूण नाही, अंडेही नाही. पीठ पातळ कालवून काही तास मुरू देतात, मग मोठ्या गोल तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून मऊ. खलाशी, हमाल आणि शेठजी सगळ्यांचे हे खाणे. आपल्या बेसनाच्या धिरड्याशी त्याचे नाते सांगण्याची गरज नाही. जिभेला ते आपसूक कळते.

नाताळात ‘पान्दोल्चे’ नावाचा, मनुका आणि साखरेत मुरवलेली फळे घातलेला गोड पाव करतात. त्याच्यावर लॉरेलची डहाळी खोचलेली असते. घरातील सर्वांत लहान व्यक्तीने ती काढायची आणि सर्वांत वडील व्यक्तीने पाव कापायचा. सर्वांना वाटण्यापूर्वी दोन तुकडे बाजूला ठेवतात. एक दारी येणाऱ्या गरिबासाठी आणि दुसरा ३ फेब्रुवारीस येणाऱ्या संत ब्लेझच्या दिवसासाठी. आनंदाच्या ताटातूनही दुसऱ्याचा आणि पुढच्या दिवसाचा वाटा आधी काढायचा, हा संस्कार त्या घरांत लहानपणापासून डोळ्यांसमोर असतो.

नाताळाआधीच्या शनिवारी ‘कॉन्फेउगो’ हा नागरी सोहळा होतो. मध्ययुगात लोकप्रतिनिधी लॉरेलच्या फांद्यांची मोळी नगरप्रमुखाला, म्हणजे ‘दोजे’ला, भेट देत. आज दोजेच्या जागी महापौर असतो. जुन्या जेनोई बोलीत अभिवादन होते, मोळी पेटवली जाते, आणि विझल्यावर लोक तिचे कोळसे शुभ म्हणून घरी नेतात. २४ जून रोजी संत जॉनचा उत्सव असतो. त्याच्या अस्थिरक्षेची मिरवणूक कॅथेड्रलपासून बंदरापर्यंत जाते आणि समुद्राला आशीर्वाद दिला जातो. आपल्या कोळी बांधवांची नारळी पौर्णिमा ज्याने पाहिली आहे, त्याला त्या भावनेचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

नावेची बाजू

आतापर्यंत जमेची पाने पाहिली. खतावणी इथेच मिटली तर ती खोटी ठरेल.

काळ्या समुद्रावरील काफा हे जेनोआचे मोठे ठाणे होते. तिथून धान्य, फर आणि रेशमाबरोबर माणसेही विकली जात. तातार, चेर्केस, रशियन अशा वंशांच्या तरुण मुली गुलाम म्हणून जेनोआच्या घरांत आणल्या जात. आणि ज्या विम्याचे कौतुक वर केले, तोच विमा पंधराव्या शतकात गुलाम स्त्रीच्या बाळंतपणावर उतरवला जाई. ती दगावली तर भरपाई मिळे मालकाला. वह्या इतक्या नीट ठेवलेल्या असल्यामुळेच आज इतिहासकारांना त्या मुलींची नावे, वये आणि किमती वाचता येतात. हिशेबाच्या काटेकोरपणाने अन्याय थांबला नाही. परंतु तो नाकारण्याची सोयही त्याने ठेवली नाही.

नावेची एक नोंद मात्र शहराने स्वतः पुसली. १२९० साली जेनोआने पिसाचे बंदर उद्ध्वस्त करून त्याच्या मुखाशी असलेली अजस्र लोखंडी साखळी आणली. तिचे तुकडे विजयचिन्ह म्हणून वेशींवर आणि चर्चच्या भिंतींवर टांगले. ते जवळजवळ पावणेसहाशे वर्षे तिथे लटकत राहिले. इटली एक होऊ लागली तेव्हा, १८६० साली, जेनोआने ती साखळी पिसाला सन्मानाने परत केली. आज ती पिसातच जपलेली आहे. वारसा म्हणून मिरवलेली वस्तू परत देण्यानेही वारसा घडतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये आणखी एक वस्तू ठेवलेली आहे. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमाराने शहरावर तोफा डागल्या. एक गोळा कॅथेड्रलचे छत भेदून आत आला, पण फुटला नाही. तो गोळा आजही आत मांडलेला आहे. काळ्या-पांढऱ्या दगडी पट्ट्यांच्या त्या सुंदर मंदिरात तो विसंगत दिसतो. पण हकीकत घडली ती अशी, म्हणून तो तिथे आहे.

घसारा

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या प्रारंभी जेनोआच्या धक्क्यावरून लाखो गरीब इटालियन अमेरिका खंडाकडे कायमचे निघून गेले. पुढे अवजड उद्योग ओसरले, जुने बंदर ओस पडले, बोळांतील घरे ढासळू लागली. १९९२ साली कोलंबसाच्या सफरीला पाचशे वर्षे झाली, त्या निमित्ताने याच शहरात जन्मलेला वास्तुरचनाकार रेन्झो पियानो याने जुन्या बंदराची नव्याने मांडणी केली. कापसाच्या जुन्या गोदामांत सभागृहे आली, मत्स्यालय उभे राहिले, आणि कुंपणाआड गेलेला समुद्र नागरिकांना पुन्हा दिसू लागला.

आणि मग १४ ऑगस्ट २०१८ उजाडला. पोल्चेव्हेरा नदीच्या खोऱ्यावरील मोरांदी पूल भर पावसात कोसळला. ४३ माणसे गेली. पूल १९६७ सालचा. म्हणजे लांतेर्ना या १५४३ सालच्या दीपस्तंभाच्या तुलनेत कालपरवाचा. जबाबदारी ठरवण्याचा खटला २०२२ साली सुरू झाला आणि देखभाल हा त्यातील मध्यवर्ती मुद्दा ठरला. ज्या शहराने १३७१ साली उत्पन्न न खाता राखून ठेवण्याचा पाठ घातला, त्याच शहरात हे घडावे, ही मोठी विदारक गोष्ट आहे. पंचाहत्तर मीटरहून अधिक उंचीचा दगडी लांतेर्ना जवळजवळ पाचशे वर्षे उभा राहतो, कारण त्याच्याकडे पिढ्यानपिढ्या कोणाचे तरी लक्ष असते. काँक्रीटच्या पुलावरून रोज हजारो गाड्या जातात, आणि तो उद्याही असेल असे प्रत्येकाने गृहीत धरलेले असते. ताळेबंदात मालमत्ता दिसते. तिच्या आतली झीज दिसत नाही. म्हणून तर घसारा लिहावा लागतो.

पुढच्या दोन वर्षांत तिथे नवा पूल उभा राहिला. ऑगस्ट २०२० मध्ये तो खुला झाला. आराखडा पियानोचा, लांबी १,०६७ मीटर, आणि नाव सान जोर्जो, त्या जुन्या पेढीचे आणि शहराच्या संताचे. नव्या पुलावर तपासणी करणारी स्वयंचलित यंत्रे बसवण्याची योजना मूळ आराखड्यातच होती. खाली, जिथे माणसे गेली, तिथे त्यांच्या संख्येइतकी ४३ झाडे लावलेली आहेत.

जेनोआचा आणखी एक ठेवा या संदर्भात आठवतो. व्हायोलिनवादक पागानिनी १७८२ साली येथे जन्मला. १७४३ साली बनलेले आपले लाडके व्हायोलिन त्याने शहराच्या नावे करून दिले. त्याच्या दणदणीत आवाजावरून त्याला ‘कान्नोने’, म्हणजे तोफ, म्हणतात. ते नगरपालिकेच्या वाड्यात कडेकोट बंदोबस्तात असते, परंतु कायमचे बंद नसते. पागानिनीच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेतील विजेत्याला ते वाजवण्याचा मान मिळतो. लाकडी वाद्याची देखभाल करताना ते वाजते ठेवावे लागते, हे जाणकार सांगतात.

वाचकहो, आपल्याही घरात आजोबांची वही, आजीची पाटा-वरवंट्याची पाककृती, गावातील एखादी धर्मशाळा किंवा विश्वस्त निधी असतो. त्यांचा अभिमान आपण समारंभात बोलून दाखवतो. त्या वहीला वाळवी लागली आहे का, ती पाककृती सुनेला किंवा नातवाला येते का, धर्मशाळेचे छप्पर या पावसाळ्यात गळले का, हे मात्र कोणी तरी मुद्दाम जाऊन पाहावे लागते. या वर्षी ते कोण पाहणार, एवढे नाव प्रत्येक कुटुंबाने कागदावर लिहून ठेवले, तरी पुष्कळ झाले.